प्रिसिजन बेसवर ब्रिजजवळ दुसरा पिकअप बसवताना

नाशिकच्या सातपूरहून एका तरुण बेसवादकाने विचारले आहे. त्यांच्याकडे फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या पद्धतीचा, चार तारांचा, आशियाई बनावटीचा बेस गिटार आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि रविवारी चर्चमध्ये ते तो वाजवतात. एकुलत्या एका पिकअपचा (तारांची हालचाल टिपून तिचे विजेत रूपांतर करणाऱ्या भागाचा) आवाज भरदार आहे, पण ढोलक, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड एकदम सुरू झाले की बेसचा सूर नेमका ऐकू येत नाही, म्हणून ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा जिथे बांधलेल्या असतात तिथे, फेंडरच्याच जॅझ बेसच्या पद्धतीचा दुसरा पिकअप बसवायचा त्यांचा विचार आहे. पिकअप कोणता घ्यावा, तो कुठे बसवावा, अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या मित्राकडून व्हीएमसी मशीनवर (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रावर) खाच पाडून घ्यावी का, आणि बॅटरीवरचा प्रीअँप (गिटारमध्येच आवाज वाढवणारे सर्किट) लागेल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

काम करण्यासारखे आहे आणि ते नाशिकमध्येच होऊ शकते. मात्र बहुतेक जण ते चुकीच्या क्रमाने करतात : आधी पिकअप मागवतात, मग खाच पाडतात, मग वायरिंग कसे करायचे ते शोधतात आणि आवाज सर्वांत शेवटी ऐकतात. तुम्ही आधी ऐका, मग सर्किट ठरवा आणि लाकडाला हात अगदी शेवटी लावा. सोल्डर काढता येते, पिकगार्ड (बॉडीवरचा प्लास्टिकचा पत्रा) बदलता येतो, पॉट (नॉबखालचा फिरता रोधक) पुन्हा घेता येतो. बॉडीत पाडलेली खाच बुजवली तरी तिची कड दिसत राहते.

पैसे खर्च करण्याआधी एक साधी परीक्षा करा. तारा किती जुन्या आहेत ते पाहा. पावसाळ्याची दमट हवा आणि हाताचा घाम यांनी तारा लवकर मंद पडतात, आणि मंद तारांचा बेस गर्दीत हरवतो, मग पिकअप एक असो की दोन. नवा संच चढवा, टोन पूर्ण उघडा आणि उजवा हात नेहमीपेक्षा ब्रिजकडे सरकवून वाजवा. दुसऱ्या पिकअपकडून जे हवे आहे त्यातला बराचसा भाग एवढ्याने मिळतो. तेवढ्यावर समाधान झाले तर पुढचे वाचायची गरज नाही. शिवाय तुमचा बेस जुना आणि मूळ स्थितीतला असता, तर मी कापायला सरळ नकार दिला असता, कारण अशा वाद्याची किंमत खाच पाडताक्षणी उतरते. तुमच्या वर्णनावरून तसा प्रश्न दिसत नाही.

आता दुसरा पिकअप नेमके काय करतो ते पाहू. तुमच्या बेसची स्केल (तारेची वाजती लांबी) 34 इंचांची, म्हणजे सुमारे 864 मिमी आहे असे धरतो. मोकळ्या तारेचे मूळ कंपन मध्यभागी सर्वांत मोठे आणि दोन्ही टोकांना शून्य असते. ब्रिजपासून 140 मिमीवर, म्हणजे साधारण तुमच्या आजच्या पिकअपपाशी, ते मध्यभागाच्या जवळजवळ निम्मे भरते, तर 60 मिमीवर, म्हणजे नव्या पिकअपपाशी, एक-पंचमांशाच्या थोडेच वर. त्यामुळे ब्रिजजवळचा पिकअप मुळातच कमी जोराचा असतो आणि त्यात खर्ज कमी असतो. याउलट वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले सूर) तिथे तुलनेने ठळक होतात. मूळ सुराच्या मानाने चौथा हार्मोनिक 60 मिमीवर 140 मिमीच्या जवळपास दुप्पट भरतो. गुरगुर, धार, बोटांचा खडखडाट असे ज्याला वादक म्हणतात, ते सारे यातूनच येते.

पण दोन्ही पिकअप एकदम चालू केल्यावर दोन आवाजांची नुसती बेरीज होत नाही. काही हार्मोनिक असे असतात की त्यांच्यासाठी तार एका पिकअपवर वर जात असताना दुसऱ्यावर खाली येत असते, आणि तिथे वजाबाकी होते. वरचीच अंतरे घेतली तर ही वजाबाकी सातव्या-आठव्या हार्मोनिकपाशी जोरात होते. मोकळी ई तार 41 हर्ट्झची, म्हणजे हा पट्टा 300 हर्ट्झच्या आसपासचा. गर्दीच्या वाद्यमेळात बेसचा सूर कानाला सापडतो तो बऱ्याच अंशी याच भागात. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवलेला आवाज घरी एकट्याने वाजवताना फार देखणा लागतो, पण तुमची तक्रार त्याने वाढण्याचीच शक्यता जास्त. तुम्हाला लागणार आहे तो मुख्यतः प्रिसिजनचा आवाज, त्यात ब्रिजचा पिकअप निम्म्या-पाऊण प्रमाणात मिसळलेला. म्हणून दोन्ही पिकअपना स्वतंत्र व्हॉल्यूम हवेत; नुसता तीन टप्प्यांचा स्विच तुमच्या कामाचा नाही.

जागा ठरवताना आकडे उतरवून घेण्यापेक्षा कानाने ठरवावी, आणि तसे करणे लाकूड न कापता शक्य आहे. पिकअप तारांच्या खाली असण्याऐवजी तारांच्या वर, पोलपीस (पिकअपवरची चुंबकी टोके) खाली तोंड करून धरला, तरी तो तारांची हालचाल टिपतो. बेस टेबलावर सपाट ठेवा. तारांच्या दोन्ही बाजूंना बॉडीवर सारख्या उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवा आणि त्यांवर नवा पिकअप असा आडवा टाका की पोलपीस आणि तारा यांत तीन-चार मिमी अंतर राहील. पिकअपच्या दोन वायर क्रोकोडाइल क्लिपांनी एका जॅकला जोडून ती केबल थेट अँपला द्या. बेसचा स्वतःचा जॅक मोकळा ठेवा. मित्राला वाजवायला सांगा आणि पिकअप ब्रिजपासून हळूहळू, पाच-पाच मिमीने नेककडे सरकवत ऐका. हम, म्हणजे विजेची सततची गुणगुण, भरपूर येईल, तिकडे दुर्लक्ष करा. सांगाती म्हणून तुमच्या ऑर्केस्ट्राचे एखादे रेकॉर्डिंग लावले तर उत्तमच.

हे करताना केवळ मोकळ्या तारेवर निर्णय घेऊ नका. अमुक हार्मोनिकच्या बरोबर खाली पिकअप आला पाहिजे असे काही जण ठासून सांगतात, पण बोट ठेवताच तारेची लांबी बदलते. बाराव्या फ्रेटवर ती 432 मिमी उरते आणि मोकळ्या तारेसाठी काढलेले सगळे गणित तिथेच मोडते. पहिल्या, पाचव्या आणि बाराव्या फ्रेटवर, ई आणि जी या दोन्ही तारांवर ऐका. माझ्याकडे आलेले बहुतेक वादक जी तारेच्या सॅडलपासून (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यापासून) पिकअपच्या मध्यापर्यंत 55 ते 70 मिमीच्या पट्ट्यात कुठेतरी थांबतात. फेंडरने 1960 मध्ये जॅझ बेस आणला तेव्हाची ब्रिज पिकअपची जागा आणि 1970 च्या दशकात ती ब्रिजकडे सरकवल्यानंतरची जागा यांत फरक साधारण 10 मिमीचाच आहे, तरी दोन्हींचा आवाज जाणकार ओळखतात. ब्रिजकडे सरकलेल्या जागेचा आवाज अधिक टोकदार. तुमच्या वापरासाठी मी जुन्या, ब्रिजपासून किंचित दूरच्या जागेकडे झुकेन. ठरलेली जागा मास्किंग टेपवर पेन्सिलने आखून ठेवा.

पिकअप निवडताना चुंबक अल्निको की सिरॅमिक या वादात लोक आठवडे घालवतात. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न हमचा आहे. 1951 च्या पहिल्या प्रिसिजनमध्ये एक सलग कॉइल (बारीक तारेची गुंडाळी) होते. 1957 पासून ते दोन तुकड्यांत विभागले गेले, आणि या दोन तुकड्यांची गुंडाळी व चुंबक परस्परविरुद्ध असल्याने बाहेरून येणारा हम आपोआप कटतो. म्हणजे तुम्हाला आजवर शांत बेसची सवय आहे. जॅझ पद्धतीचा साधा पिकअप हा एकाच कॉइलचा. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेचा हम तो थेट पकडतो. जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हम जातो हे खरे, पण ते तिथले दोन पिकअप एकमेकांच्या उलट असतात म्हणून. तुमच्या बेसवर तसे होणार नाही, कारण प्रिसिजनचा पिकअप स्वतःपुरता शांत आहे आणि दुसऱ्याचा हम कापायला त्याच्याकडे काही उरलेले नाही. दोन्ही उघडे असतील तेव्हा हम थोडा दबेल, जाणार नाही.

लग्नाच्या लॉनवर जनरेटर, डिमरवरचे दिवे आणि एलईडीच्या भिंती असतात. तिथे साधा सिंगल कॉइल पिकअप गाण्यांच्या मधल्या शांततेत सगळ्यांना ऐकू जातो. म्हणून तुम्ही हम न येणारा जॅझ पिकअप घ्या. यात दोन जाती आहेत : एकावर एक रचलेल्या दोन कॉइलांचा, आणि दोन-दोन तारांसाठी शेजारी-शेजारी कॉइल असलेला. रचलेल्या जातीचा आवाज जुन्या सिंगल कॉइलच्या जवळ जातो, पण तो खोल असतो आणि खाच तेवढी जास्त लागते. शेजारी-शेजारीचा आवाज थोडा जाडसर असतो. तुमच्या कामाला दोन्ही चालतील. मागवताना ‘ब्रिज’ असे नीट पाहून मागवा, कारण जॅझचे पिकअप दोन लांबींत येतात, नेकचा सुमारे 92 मिमी आणि ब्रिजचा सुमारे 95 मिमी. ब्रिजकडे तारा फाकलेल्या असतात म्हणून तिथला लांब. पिकअप हातात आल्यावर ठरलेल्या जागी ई आणि जी तारांमधले अंतर व्हर्नियरने मोजा आणि दोन्ही तारा आपापल्या पोलपीसच्या जोडीच्या मधोमध येतात का ते पडताळा.

सर्किटवर जास्त विचार करा, कारण दुसरा पिकअप बंद ठेवला तरी तो पहिल्याचा आवाज बदलू शकतो. तुमच्या बेसवर आज बहुधा 250 किलोओहमचा व्हॉल्यूम, 250 किलोओहमचा टोन आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल. उंच कंपनांसाठी हे दोन पॉट समांतर पडतात, म्हणजे पिकअपवर 125 किलोओहमचा भार असतो. त्यात दुसऱ्या पिकअपसाठी आणखी एक 250 चा व्हॉल्यूम जोडला की भार 83 किलोओहमपर्यंत घसरतो आणि वरची धार थोडी मरते. दुसरा पिकअप शून्यावर ठेवला तरी हा पॉट सर्किटमध्ये राहतोच. ‘दुसरा पिकअप बसवल्यापासून जुना आवाज राहिला नाही’ असे जे ऐकू येते, त्याचे कारण बहुतेक वेळा लाकडातली खाच नसते. हा भार असतो. उपाय स्वस्त आहे. दोन्ही व्हॉल्यूम 500 किलोओहमचे घ्या आणि टोन 250 चाच ठेवा. 500 आणि 500 समांतर म्हणजे 250, त्याला टोनचे 250 समांतर म्हणजे पुन्हा 125. जुन्या पिकअपला आपल्या खांद्यावर काही बदलले आहे याची जाणीवसुद्धा होत नाही.

जोडणी स्वतंत्र पद्धतीची करा : पिकअपची गरम (सिग्नलची) वायर पॉटच्या मधल्या पायाला, आउटपुट कडेच्या एका पायाला आणि दुसरा कडेचा पाय ग्राउंडला. याउलट जोडले तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच अख्खा बेस गप्प होतो. स्वतंत्र जोडणीत व्हॉल्यूम थोडा कमी केला की त्या पिकअपचा आवाज किंचित बोजड होतो. ही किंमत मला मान्य आहे. एकाच नॉबवर दोन्हींचे प्रमाण बदलणारा ब्लेंड पॉट मधल्या खटक्यापाशी छान वागतो, पण तुम्हाला हवे असलेले ‘एक पूर्ण, दुसरा पाऊण’ हे प्रमाण त्यावर अंधारात सापडणे कठीण.

पिकगार्डवर आज तीन छिद्रे आहेत : व्हॉल्यूम, टोन आणि जॅक. चौथी जागा कुठून आणायची? एकाच दांड्यावर दोन नॉब असलेला जोडपॉट हा एक मार्ग. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीच्या जॅझ बेसवर तोच होता. पण तो 250 चा सहज दिसतो, 500 चा शोधावा लागतो, आणि खोलीही जास्त मागतो. माझा कौल जॅक बॉडीच्या कडेला नेऊन रिकाम्या छिद्रात टोन बसवण्याला आहे. केबलवर कोणाचा पाय पडला तरी पिकगार्ड तडकत नाही हा त्यातला वरचा फायदा. स्वस्त बेसवर लहान बुशचे पॉट असतात आणि मोठ्या पॉटना साडेनऊ मिमीचे छिद्र लागते. ते ड्रिलने वाढवू नका, प्लास्टिक फाटते. गोल कानशीने सावकाश वाढवा. 0.047 चा कपॅसिटर गावात सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात 473 असा छाप पाहून मागता येतो. पॉट मात्र पारखून घ्या, कारण कुरकुरणारा पॉट स्टेजवरच कुरकुरतो.

आता व्हीएमसीचा प्रश्न. मशीन शतांश मिमीची अचूकता देईल, पण इथे अडचण अचूकतेची नाही, संदर्भाची आहे. बॉडीची कड, पिकगार्ड आणि नेकचा खड्डा यांपैकी काहीही तारांच्या मध्यरेषेशी काटेकोर जुळलेले नसते. नेक एक-दीड मिमी एका बाजूला बसलेला बेस मी कितीतरी पाहतो. मशीनने बॉडीच्या कडेवरून शून्य घेतले तर खाच सुरेख पडेल, फक्त चुकीच्या जागी. शिवाय मागून पोटाशी उतरती झालेली बॉडी व्हाइसमध्ये धरता येत नाही, आणि कूलंटचा एक फवारा लाकडाला पुरेसा होतो. मित्राची मदत वेगळ्या ठिकाणी घ्या : त्यांच्याकडून 12 मिमी जाडीच्या अॅक्रिलिकचा किंवा एमडीएफचा फर्मा कापून घ्या. पिकअपची बाह्यरेषा, स्क्रूच्या कानांसकट, व्हर्नियरने मोजा आणि सगळीकडून 0.4 मिमी मोकळीक ठेवा. असा फर्मा हाताने कानसून बनवायला फार वेळ जातो आणि तरी कड लहरतेच. व्हीएमसीचा खरा उपयोग इथे आहे. त्या फर्म्यावर मध्यरेषा कोरून घ्यायला सांगा.

आखणी तारा चढवलेल्या असतानाच करायची. बॉडीवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, लहान गुण्या उभा ठेवून ई आणि जी तारांची जागा दोन ठिकाणी खाली टेपवर उतरवा आणि त्यांच्यामधली मध्यरेषा काढा. पिकअप या रेषेला काटकोनात येतो, बॉडीच्या कडेला नव्हे. मग तारा उतरवा, ब्रिज काढा आणि त्याच्याखालची ग्राउंडची वायर शोधा. ही वायर एका बारीक बोगद्यातून कंट्रोलच्या खड्ड्याकडे जाते, आणि तो बोगदा अनेकदा बरोबर नव्या खाचेच्या खालून किंवा तिच्यातूनच जातो. राउटरच्या (लाकडात खाच पाडणाऱ्या यंत्राच्या) पात्यात ती वायर गुंडाळली गेली तर पाते, वायर आणि लाकूड तिघांचेही नुकसान होते. एका टोकाला दोरा बांधून वायर ओढून बाहेर काढा आणि काम झाल्यावर नवी वायर त्याच दोऱ्याने परत घाला.

राउटर विकत घ्यायची गरज नाही. सनमायकाच्या कडा कापायला फर्निचरच्या प्रत्येक मिस्त्रीकडे ट्रिमर असतो आणि तेवढाच पुरतो. फक्त दोन गोष्टी पाहा. सनमायकाच्या पात्याला बेअरिंग टोकाला असते. आपल्याला ते वर, दांड्याकडे असलेले पाते लागते, म्हणजे बेअरिंग फर्म्यावर फिरते आणि पाते खाली लाकूड कापते. दुसरे म्हणजे पात्याचा दांडा 6 मिमीचा आहे की पाव इंचाचा, म्हणजे 6.35 मिमीचा. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये (पाते धरणाऱ्या पकडीत) 6 मिमीचा दांडा आवळला जातोय असे वाटते, पण काम चालू असताना तो हळूहळू खाली सरकतो आणि खाच नकळत खोल होत जाते. फर्मा दुहेरी चिकटपट्टीने बॉडीवर बसवा, शक्य तिथे क्लॅम्पही लावा. आधी त्याच फर्म्याने देवदाराच्या तुकड्यावर खाच पाडून पिकअप बसतो का ते पाहा.

स्वस्त बेसवरचा पॉलियुरेथेनचा थर जाड आणि ठिसूळ असतो, म्हणून बाह्यरेषेवर धारदार कटरने आधी खोल रेघ मारा. मधले लाकूड ड्रिलने उकरून घ्या आणि उरलेले ट्रिमरने, एका वेळी तीन मिमीपेक्षा जास्त नाही, असे उतरवत न्या. बॉडीची जाडी साधारण 44 मिमी असते. खाच पिकअपच्या उंचीपेक्षा थोडी जास्त खोल हवी, म्हणजे खाली फोम आणि वायर मावेल; 22-24 मिमी सहसा पुरते, रचलेल्या पिकअपला अधिक. मागच्या बाजूला 15 मिमी लाकूड शिल्लक राहिले पाहिजे, हे मोजून मगच पात्याची खोली बांधा.

वायरचा बोगदा लांब, 6 मिमीच्या ड्रिलने नव्या खाचेतून कंट्रोलच्या खड्ड्याकडे किंवा जुन्या पिकअपच्या खड्ड्याकडे पाडावा लागतो, आणि ड्रिल तिरका धरावा लागत असल्याने तो बॉडीच्या पाठीतून बाहेर येण्याची भीती असते. ड्रिल आधी बॉडीच्या कडेला बाहेरून, त्याच कोनात आडवा धरून पाहा आणि कुठवर जायचे तिथे त्याच्यावर टेप गुंडाळा. खाचेच्या कडेवर जाड पुठ्ठा ठेवा, नाहीतर ड्रिलची मान पॉलिशला घासते. उघडे लाकूड लाखेच्या पॉलिशचा एक हात देऊन बंद करा. ऐन पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत पॉलिश पांढुरके पडते, आणि गणपती-नवरात्राच्या सुपाऱ्यांच्या दिवसांत बेस टेबलावर उघडा पडलेला तुम्हाला परवडणारही नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

खाच आणि कंट्रोलचा खड्डा तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढवा. पट्टीचा गोंद वीजवाहक नसेल तर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका द्या आणि मल्टिमीटरने सगळे तुकडे एकमेकांशी जोडलेले आहेत का ते तपासा. तांबे विजेची किरकिर अडवते, ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा हम नाही. यांतला फरक ओळखायची युक्ती अशी : तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर तो शिल्डिंगचा किंवा ग्राउंडचा दोष, बेस घेऊन जागेवर गोल फिरताना आवाज कमी-जास्त झाला तर तो चुंबकीय हम, आणि त्याला उपाय पिकअपमध्येच असतो.

पिकअप कायमचा जोडण्याआधी त्याची दिशा तपासा. मल्टिमीटर 200 मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा, पिकअपच्या दोन वायर त्याला जोडा, पोलपीसवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटक्यात वर उचला. आकडा क्षणभर अधिक किंवा उणे जातो. दोन्ही पिकअपची गरम वायर लाल टोकाला असताना आकडा एकाच बाजूला गेला तर दिशा जुळते. विरुद्ध गेला तर दोन्ही उघडताच खर्ज नाहीसा होऊन आवाज डब्यातून आल्यासारखा पातळ होईल. अशा वेळी नव्या पिकअपच्या दोन वायर अदलाबदल करा. मात्र त्यातली एक वायर पिकअपच्या धातूच्या पत्र्याला किंवा बाहेरच्या जाळीला जोडलेली असेल तर तसे करू नका, नाहीतर तो पत्राच गरम बाजूला जाऊन हम ओढेल. मग अदलाबदल जुन्या पिकअपची करावी. काम संपल्यावर केबल लावून जॅकवर ओहम मोजा. जुना पिकअप 11 आणि नवा साडेसात किलोओहमचा असेल, तर दोन्ही पूर्ण उघडे असताना साडेचारच्या किंचित खाली आकडा यायला हवा. तो साडेसात किंवा 11 च्या जवळ आला तर एक पिकअप जोडलाच गेलेला नाही असे समजा.

ब्रिजखालची ग्राउंड वायर परत जोडायला विसरू नका, आणि त्याच संदर्भात एक गोष्ट विषयाबाहेरची वाटली तरी सांगतो. या वायरमुळे तुमच्या तारा केबलमार्गे अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. लॉनवर किंवा जुन्या वाड्यात तिसरी पिन काढलेल्या एक्स्टेंशनवर अँप लावला, तर बिघडलेल्या अँपची वीज तारांवर येऊ शकते आणि माइकला ओठ लागताच झटका बसतो. पिकअप कितीही शांत घेतला तरी अर्थिंगला पर्याय नाही. टेस्टर आणि तीन पिनचा स्वतःचा बोर्ड पिशवीत ठेवा.

पिकअपचे स्क्रू घालण्याआधी 2 मिमीची छिद्रे पाडा आणि आट्यांना मेणबत्ती घासा, म्हणजे पॉलिश तडकत नाही. उंची लावताना तार शेवटच्या फ्रेटवर दाबून मोजा. सुरुवात ई तारेखाली 3 मिमी आणि जी तारेखाली अडीच मिमीपासून करा. ब्रिजचा पिकअप कमी जोराचा असल्याने तो वर-वर चढवण्याचा मोह होतो, पण फार जवळ गेलेले चुंबक तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर सूर थरथरू लागतो. त्याला दोनच्या खाली आणू नका. बरोबरी साधत नसेल तर जुना पिकअप खाली उतरवा. मग ऑर्केस्ट्राच्या तालमीत, कोणाला दूर उभे करून, ब्रिजचा व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू उघडा आणि सूर स्पष्ट झाला की थांबा. नॉबवर तिथे एक खूण करून ठेवा.

प्रीअँपची तुम्हाला गरज नाही. वरचे सगळे सर्किट बॅटरीशिवाय चालते आणि अँपवर किंवा मिक्सरवर टोन लावायची सोय असतेच. पुढे कधी प्रीअँप बसवावासा वाटला तर तो दोन्ही व्हॉल्यूमनंतर येईल, आणि 9 व्होल्टच्या बॅटरीसाठी बॉडीत जागा आहे का एवढेच तेव्हा पाहावे लागेल. मात्र आज स्वस्तात मिळतो म्हणून बॅटरीवर चालणारा अॅक्टिव्ह पिकअप घेऊन तो जुन्या पॅसिव्ह पिकअपला जोडू नका : त्याला 25 किलोओहमचे पॉट लागतात, जुन्याला 250 किंवा 500 चे, आणि एका सर्किटमध्ये ते दोघे साध्या जोडणीने नांदत नाहीत.